एका घराचा संडास, अख्ख्या गावाची तब्येत

“घरात संडास आहे. पाणी उकळून पितो. फरशी रोज पुसतो. तरी पाऊस सुरू झाला की पोराला जुलाब लागतात. आता आणखी काय करायचं?”

आशाताई, अंगणवाडी सेविका आणि दवाखान्यातले डॉक्टर, सगळ्यांनाच हा प्रश्न ऐकायला मिळतो. विचारणारी आई आळशी नाही, अडाणीही नाही. तिच्या हातात आहे ते सगळं ती करते आहे. तरीही मूल आजारी पडतं, कारण घराच्या भिंती जंतूंना अडवत नाहीत. घराची स्वच्छता ज्याची त्याने ठेवायची असली तरी तिचा फायदा आणि तोटा सगळ्या वस्तीला मिळून होतो. हे कसं घडतं आणि त्यावर काय करता येतं, ते या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहू.

१. तोंडापर्यंतच्या पाच वाटा

जुलाब, आव, पटकी, टायफॉइड, अ आणि ई प्रकारची कावीळ. आजार वेगवेगळे आहेत, पण त्यांचा प्रवास एकच. आजारी माणसाच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतो आणि दुसऱ्या माणसाच्या तोंडातून त्याच्या पोटात जातो. मधलं अंतर कापायला त्याला पाच वाटा असतात.

पहिली वाट पाण्याची. उघड्यावरची घाण पावसात वाहून ओढ्यात जाते, ओढ्यातून विहिरीत झिरपते. दुसरी वाट बोटांची. बाळाला धुतल्यावर हात नुसते पाण्याने खळबळले आणि तेच हात कणकेत गेले, की जंतू ताटापर्यंत पोहोचला. तिसरी वाट माश्यांची. माशी घाणीवर बसते आणि तिथून उठून झाकण नसलेल्या भाजीवर येऊन बसते. चौथी वाट मातीची. रांगतं बाळ अंगणातल्या मातीत हात घालतं आणि हात तोंडात. पाचवी वाट अन्नाची. दूषित पाण्यावर वाढलेली किंवा त्यात धुतलेली कोथिंबीर, मुळा, काकडी आपण कच्चीच खातो.

वरच्या आईने पाणी उकळून यातली एक वाट बंद केली. ते आवश्यकच आहे. पण उरलेल्या चार वाटा उघड्या आहेत.

मग सगळ्या वाटा एकदम बंद करणारी जागा कोणती? जिथून त्या फुटतात ती. विष्ठा जमिनीवर पडूच दिली नाही, बंद जागी साठवली, तर पाचही वाटांच्या तोंडाशीच अडसर बसतो. संडासाचं खरं काम हेच आहे. आडोसा, सोय, बायाबापड्यांची अब्रू हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण आरोग्याच्या दृष्टीने संडास म्हणजे जंतूंना कोंडण्याची जागा.

दुसरा अडसर साबणाचा. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा साबणाने हात धुण्याच्या सवयीमुळे जुलाबांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हात दिवसभर धूत बसण्याची गरज नाही. संडासहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी, आणि जेवण्याआधी किंवा भरवण्याआधी, एवढे प्रसंग चुकवू नयेत.

इथे एक समजूत दूर करायला हवी. “तान्ह्याच्या शीला काय होतंय? ते तर दुधावरचं लेकरू,” असं म्हणून ती उकिरड्यावर किंवा गटारात टाकली जाते. वास्तविक पोटाचे संसर्ग लहान मुलांनाच वारंवार होतात, म्हणून त्यांच्या शीत रोगजंतू असण्याचा संभव जास्त. बाळाची शी आणि दुपटी धुतलेलं पाणी, दोन्ही संडासातच गेलं पाहिजे.

२. शंभर घरांचा हिशेब

आता एका घरातून गावाकडे येऊ. शंभर घरांचं गाव समजा, घरटी पाच माणसं, म्हणजे पाचशे माणसं. माणशी रोजची विष्ठा पाव किलो धरू. ८० घरं संडास वापरतात, २० घरं परसाकडे बाहेर जातात. ऐकायला हे बरं वाटतं. शंभरातले ऐंशी म्हणजे पहिला वर्गच.

पण हिशेब करा. २० घरांतली १०० माणसं रोज २५ किलो विष्ठा उघड्यावर सोडतात. पावसाळ्याच्या १२० दिवसांत ती होते ३,००० किलो, म्हणजे तीन टन. ती पडते ओढ्याच्या काठाने, रस्त्याच्या कडेने, गावकुसाजवळ. पाऊस ती वाहून नेतो आणि ज्या विहिरीत पोहोचवतो तिचं पाणी शंभरही घरं पितात.

शिवाराच्या कुंपणासारखंच हे आहे. कुंपण बहुतेक ठिकाणी भक्कम आहे, पण एका कोपऱ्यात फट राहिली, तर त्या फटीतून शिरलेली गुरं फक्त कोपऱ्यातल्या शेतात चरत नाहीत, सगळं शिवार खाऊन जातात.

हे निव्वळ तर्काने सांगितलेलं नाही. ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांत एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या गावांत संडास बांधण्याची मोहीम चालवली, निम्मी गावं तुलनेसाठी तशीच ठेवली. मोहिमेच्या गावांत संडास असलेल्या घरांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं. तरीही मुलांचे जुलाब, जंत आणि कुपोषण यांत म्हणावी तशी घट आढळली नाही.

यावरून संडास निरुपयोगी आहेत असं म्हणणं चूक ठरेल. शंभरातली ३७ घरं अजून बाहेरच होती, आणि ज्यांच्याकडे संडास बांधले गेले त्यांतलेही सगळे वापरत नव्हते. काही संडास अर्धवट बांधलेले होते. फट बुजलीच नव्हती. या पाहणीतून घ्यायचा धडा असा, की संडास किती बांधले यापेक्षा किती माणसं रोज वापरतात हे मोजलं पाहिजे, आणि शेवटचं घर येईपर्यंत काम संपलं असं समजू नये.

देशाने या बाबतीत मोठा पल्ला गाठला आहे, हे निःसंशय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये ३९ टक्के घरं कोणताही संडास वापरत नव्हती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण १९ टक्क्यांवर आलं. मात्र हे उरलेले १९ टक्के सगळीकडे सारखे विखुरलेले नाहीत. ते विशिष्ट वस्त्यांत, पाड्यांवर, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, वीटभट्ट्यांवर एकवटलेले आहेत. तिथल्या मुलांसाठी हा आकडा १९ नसून जवळपास शंभर असतो.

३. जुलाब थांबले तरी उरणारं नुकसान

जुलाब डोळ्यांना दिसतात. काही नुकसान दिसत नाही, म्हणून ते जास्त घातक.

पहिलं जंतांचं. गोल जंताची अंडी ओलसर मातीत कित्येक वर्षं तग धरतात. आकडकृमीला तर तोंडाचीही गरज नसते. त्याच्या अळ्या दूषित मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. पुढे आतड्याला चिकटून ते रक्त पितात. शेतात अनवाणी राबणाऱ्या बाईचं रक्त कमी का, याचं उत्तर कधीकधी आहारात नसून पायाखालच्या मातीत असतं. शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात ती याच कारणाने. गोळी आतले जंत पाडते, पण माती तशीच राहिली तर नवे जंत पुन्हा होतात.

दुसरं नुकसान आतड्याचं. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नरस शोषण्याचं काम ते करतात. मूल सतत थोडे थोडे जंतू गिळत राहिलं, तर जुलाब झाले नाहीत तरी आतड्याला सूज राहते आणि हे उंचवटे खुरटतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे इथल्या मोठ्या प्रयोगांत सुधारित संडास, साबण, पाण्याचं शुद्धीकरण ही साधनं ठरावीक कुटुंबांना पुरवली, तरी त्यामुळे मुलांची उंची वाढली नाही. म्हणजे काही घरांना साधनं वाटून भागत नाही. पुरेसा आहारही हवा, आणि मूल जिथे रांगतं, खेळतं तो सगळा परिसर स्वच्छ हवा.

तिसरं नुकसान गरोदर बाईचं. ई प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून पसरते आणि एरवी बहुतेकांना ती आपोआप बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. गळक्या जलवाहिनीची किंमत अशी एखाद्या गरोदर बाईच्या जिवाने मोजली जाते.

४. दोन खड्ड्यांचं गणित

“खड्डा लवकर भरेल, मग उपसायचा कुणी?” या भीतीने कितीतरी लोक घरचा संडास वापरत नाहीत, किंवा फक्त म्हाताऱ्यांसाठी आणि बायकांसाठी राखून ठेवतात. ही भीती आकड्यांनी जाते.

विष्ठेचा बहुतेक भाग पाणी असतो. खड्ड्याच्या भिंती विटांमध्ये फटी ठेवून जाळीदार बांधलेल्या असल्या आणि तळ सिमेंटने बंद केलेला नसला, तर पाणी जमिनीत जिरतं, वायू मातीत शोषले जातात आणि जिवाणू उरलेला मैला कुजवतात. माणशी वर्षाला साधारण ४५ लिटर एवढाच घट्ट गाळ उरतो. पाच माणसांच्या घरात तो होतो २२५ लिटर. एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल गोल खड्ड्यात सुमारे ७८५ लिटर मावतात. ७८५ ला २२५ ने भागा. साडेतीन वर्षं! एवढ्या लहान खड्ड्याला भरायला इतका काळ लागतो.

संडासाला असे दोन खड्डे घ्यायचे. एक भरला की चेंबरमधलं तोंड फिरवून मैला दुसऱ्या खड्ड्यात सोडायचा. पहिला बंद करून दोन वर्षं तसाच ठेवायचा. तोवर त्यातले रोगजंतू मरतात आणि काळपट, भुसभुशीत, वास नसलेलं खत तयार होतं. ते फावड्याने काढून शेताला घालता येतं. दुसरा खड्डा भरेपर्यंत पहिला पुन्हा वापराला मोकळा.

पथ्यं थोडीच आहेत. दोन खड्ड्यांत निदान एक मीटर अंतर ठेवा. खड्डा विहिरीपासून किंवा हातपंपापासून दूर, शक्यतो १५ मीटरपलीकडे घ्या. जमीन मुरमाड, भेगाळ खडकाची असेल किंवा पाणी वरच लागत असेल तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय खणू नका. भांडं ग्रामीण पद्धतीचं, तीव्र उताराचं घ्या. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. न्हाणीचं पाणी खड्ड्यात सोडू नका.

५. “आमची टाकी कधीच भरत नाही”

पुष्कळ लोक दोन लहान खड्ड्यांऐवजी एक भलीमोठी सेप्टिक टँक बांधतात आणि ती वर्षानुवर्षं भरत नाही याचं समाधान मानतात. टाकीचं काम नीट समजून घेतलं तर ते समाधान टिकणार नाही.

सेप्टिक टँकमध्ये जड मैला खाली बसतो, तो हळूहळू कुजतो आणि वरचं पाणी बाहेर पडतं. हे पाणी दिसायला बरं असलं तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात. ते शोषखड्ड्यात जायला हवं. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी टाकीचा पाइप सरळ उघड्या गटारात सोडलेला असतो. घरातला संडास चकचकीत असतो आणि मैला शेजाऱ्याच्या दारावरून वाहत जातो. अशा घराने संडास बांधूनही पाच वाटांपैकी एकही बंद केलेली नाही.

टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, नाहीतर गाळ साचून मैला न कुजताच बाहेर पडू लागतो. उपसा यंत्रानेच करायचा. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेनसारखे वायू साचतात. आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गटारात मरण पावणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाला द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण गेलेला माणूस भरपाईने परत येत नाही. चार पैसे वाचवण्यासाठी कुणाला टाकीत उतरवू नका. सोसायटीत कुणी तसं करत असेल तर थांबवा.

टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात, सेप्टिक टँकमध्येही वाढतो, आणि पूर्व विदर्भात हत्तीरोग हा जुना प्रश्न आहे. काही रुपयांची जाळी डासांची ये-जा बंद करते.

६. मोरीचं पाणी जातं कुठे?

भांडी, अंघोळ, धुणं यांचं पाणी गल्लीत साचलं की तिथे क्युलेक्स डासांची पैदास होते. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने यावर सोपा उपाय केला: घरोघरी शोषखड्डे. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा, त्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची आणि भोवती दगड-खडी भरायची. मोरीचं पाणी टाकीत येतं, गाळ तळाला बसतो आणि पाणी खडीतून जमिनीत मुरतं. गटारं वाहायची थांबली, तशी डासांचीही जागा गेली. पुढे हा नमुना जिल्ह्यातल्या इतर गावांनी उचलला.

शोषखड्ड्याने डेंग्यू मात्र थांबत नाही. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो: रांजण, पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर. त्यासाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवून मगच भरायची. हेही सगळ्या गल्लीने एकाच वाराला केलं तर उपयोग, कारण डास घराचा क्रमांक पाहून येत नाही.

७. नळ, मोटर आणि विहीर

शहरातल्या माणसाला वाटतं, आपल्याकडे ड्रेनेज आहे, नळ आहे, हा विषय खेड्यांचा. पण जलवाहिनी आणि मैलावाहिनी कित्येक गल्ल्यांत शेजारी-शेजारी जातात आणि दोन्ही जुन्या झाल्या की गळतात. पाणी चालू असताना जलवाहिनीत दाब असतो, त्यामुळे पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की दाब उतरतो आणि बाहेरची घाण त्याच भेगेतून आत ओढली जाते. म्हणून नळ आल्यावर पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नये. ते धुण्याभांड्यांना वापरावं. नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. आपल्याला चार हंडे जास्त मिळतात आणि सगळ्या गल्लीच्या पाण्यात घाण येण्याचा धोका वाढतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, तिथलंच नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले; संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. या आजारात पोटातल्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडतात. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जिवाणू सापडला आणि तपासाचा रोख पाण्याच्या दूषणाकडे वळला. जुलाबाचा म्हणून दुर्लक्षित राहणारा जिवाणू माणसाला व्हेंटिलेटरवर नेऊ शकतो, हे या साथीने दाखवलं.

गावात विहिरीसाठी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते. ती अंदाजाने टाकली जाते, पण हिशेब सोपा आहे. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि ७८५ ने गुणा, लिटर मिळतील. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर असेल तर ४ × ४ × ३ × ७८५ = ३७,६८० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने साधारण १९० ग्रॅम पावडर लागेल. ती प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळा आणि अर्धा तास थांबा. मग ओटी टेस्ट करा. पाण्याला पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पोतं उघडं राहिलं तर क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो, म्हणून ते कोरड्या, अंधाऱ्या जागी घट्ट बांधून ठेवा.

८. हे काम महाराष्ट्राला नवं नाही

गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तन करत. अप्पा पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम स्वतः करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली म्हणून अन्न सोडलं. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारे संडास घडवले. देहूच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. मापुसकरांनी पाहिलं, की औषध दिलेला रोगी थोड्या दिवसांनी तेच दुखणं घेऊन परत येतो. औषधांबरोबर त्यांनी संडासाचं काम हाती घेतलं, मैल्यावर चालणारे गोबरगॅस उभारले आणि अनेक दशकं तेच केलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

२०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यात आधी अनुदान नव्हतं. गावाने स्वतः राबून काम करायचं आणि स्पर्धेत उतरून बक्षीस मिळवायचं. हजारो गावं हातात झाडू घेऊन उतरली. एका घराला पैसे देऊन न होणारी गोष्ट गावाने एकत्र ठरवल्यावर होते, हे तेव्हा दिसलं. त्याचबरोबर हेही दिसलं, की बक्षीस मिळाल्यावर पाठपुरावा थांबला तर काही ठिकाणी जुन्या सवयी परततात.

म्हणून ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत दरवर्षी पावसाळ्याआधी चार प्रश्न विचारावेत. कोणत्या घरांना वापरता येईल असा संडास अजून नाही, आणि का नाही? कुणाच्या टाकीचं पाणी उघड्या गटारात जातं? विहिरीत टीसीएल कोण टाकतं आणि ओटी टेस्टची नोंद कुठे आहे? शाळेत आणि अंगणवाडीत नळाशेजारी साबण आहे का?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा भूमिहीनांची, गावकुसाबाहेरची, कामासाठी आलेल्यांची घरं निघतील. कुणाकडे जागा नाही, कुणाकडे पैसा नाही, कुणाकडे पाणी नाही. त्यांना दंड करून किंवा पहाटे शिट्ट्या वाजवून पिटाळून ती फट बुजत नाही. गावठाणातली जागा, सामायिक संडास, पाण्याची जोडणी, खड्डा खणायला चार हात, यांतलं जे लागेल ते गावाने द्यायचं. हे उपकार नव्हेत. त्या शेवटच्या घराचा संडास गावातल्या प्रत्येक मुलाचं रक्षण करतो, म्हणून त्याचा खर्चही सगळ्या गावाने मिळून उचलायचा.